निर्यातबंदी करणाऱ्यालाच मत का पडले?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे चार विषय होते. कापसाची खरेदी केंद्रे, पीक विम्याचे अडकलेले पैसे आणि शेतीपंपांची रात्रीची वीज हे तीन विषय पाऊण तासात आटोपले. चौथा विषय 'निवडणुकीत पाठिंबा कोणाला'. त्याच्यासाठी मात्र लोक सकाळपासून बाह्या सरसावून बसले आहेत. दहा वर्षे एका सतरंजीवर बसून भाकर खाल्लेले दोन तालुक्यांचे कार्यकर्ते आज मंडपाच्या दोन टोकांना आहेत. याचा उमेदवार वेगळा, त्याचा वेगळा. दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे तिकीट मागताहेत, आणि तिकीट देणारा बसला आहे मुंबईला, त्याच्यावरचा दिल्लीला. तुमच्यापैकी एकालाही तो विचारणार नाही. त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्यावरून आपण आपसांत बोलणे टाकले आहे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊन बोललो तर अर्धा मंडप उठून जाईल, म्हणून मी लांबचे उदाहरण घेतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे. तिथे कपाशी नाही, मका आणि सोयाबीन आहे. पण बाजार सरकारच्या हातात गेला की शेतकऱ्याचे काय होते आणि शेतकरी मत कुठे टाकतो, हे तिथे जितके उघड दिसते तितके कुठे दिसत नाही.

आधी तिथली रीत समजून घ्या. अमेरिकेत पक्षाच्या तिकिटासाठीसुद्धा मतदान होते. पूर्वी तेवढे नव्हते. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, आणि या गृहस्थांनी एकाही राज्यातली प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवले, म्हणजे आपल्यासारखेच झाले. शिकागोच्या अधिवेशनात आत भांडणे आणि बाहेर लाठीमार झाला, हम्फ्री निवडणूक हरले, आणि मग पक्षाला नियम बदलावे लागले. त्यानंतर राज्याराज्यातल्या पक्षाच्या मतदारांनी उमेदवार निवडायचा अशी रीत पडली. आयोवाचा नंबर १९७२ पासून सगळ्यांच्या आधी लागू लागला. त्यामुळे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ज्याला अध्यक्ष व्हायचे असेल त्याला आयोवाच्या मकेवाल्याच्या स्वयंपाकघरात जाऊन कॉफी प्यावी लागली.

तिथे मतपेटी नसायची. डेमोक्रॅटांच्या या बैठकीला कॉकस म्हणतात, आणि ती २०२० पर्यंत अशी भरायची: जानेवारी-फेब्रुवारीच्या बर्फात संध्याकाळी सात वाजता शाळेत, चर्चमध्ये, एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत त्या वस्तीतले पक्षाचे लोक जमत. एका उमेदवाराचे लोक एका कोपऱ्यात उभे राहत, दुसऱ्याचे दुसऱ्या कोपऱ्यात. अजून ठरले नाही अशांचाही एक कोपरा असे. मग डोकी मोजायची. साधारण नियम असा की ज्याच्या कोपऱ्यात शेकडा १५ माणसे नाहीत, तो गट धरायचा नाही. शंभरजण जमले आणि तुमच्या उमेदवाराकडे चौदाच आहेत, तर त्या चौदा जणांनी एकतर पंधरावा आणायचा, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, नाहीतर घरी. त्या अर्ध्या तासात जी ओढाताण चालते ती सोयरिकीच्या बैठकीसारखी. शेजारी शेजाऱ्याला हाताला धरून ओढतो, मागच्या उपकाराची आठवण देतो. मत उघड असते आणि सगळ्यांसमोर बदलते.

दोन टोकांना बसलेल्या माझ्या मित्रांनी २००४ सालचा एक प्रसंग ध्यानात घ्यावा. त्या वर्षी हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट हे दोघे आयोवात पुढे होते. गेपहार्ट शेजारच्या मिसुरी राज्याचे, कामगार संघटना त्यांच्या पाठीशी. डीन नवे, तरुण पोरांचा जोर. दोघांनी एकमेकांवर टीव्हीच्या जाहिरातींतून इतका चिखल उडवला की लोकांना दोघांचाही वीट आला. १९ जानेवारीला मोजणी झाली तेव्हा जॉन केरींना सुमारे ३८ टक्के, जॉन एडवर्ड्‌सना ३२, डीनना १८ आणि गेपहार्टना ११. याच गेपहार्टनी १९८८ साली आयोवा जिंकले होते. एडवर्ड्‌स यांनी डेनिस कुसिनिच या छोट्या उमेदवाराशी आधीच ठरवून ठेवले होते की जिथे तुझे पंधरा टक्के भरणार नाहीत तिथे तुझे लोक माझ्याकडे, आणि माझे भरणार नाहीत तिथे माझे तुझ्याकडे. पहिल्या पसंतीवर भांडण्यात दोघे गुंतले, दुसरी पसंती कोणाकडे जाईल हे तिसऱ्याने पाहिले. एवढे बोलून हा विषय सोडतो, कारण मला सांगायचे आहे ते १९८० चे.

कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, जिमी कार्टर. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावचे भुईमूगवाले. २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षांचे होऊन गेले. १९७६ साली ते आयोवात आले तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हते. कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम करीत गावोगाव फिरले. त्या वर्षीच्या कॉकसमध्ये पहिला क्रमांक कोणाचा आला असेल? कोणाचाच नाही. 'अजून ठरले नाही' या कोपऱ्याला सुमारे ३७ टक्के मिळाले आणि कार्टर सुमारे २८ टक्के घेऊन त्याच्या मागे. पण माणसांत पहिले, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना विजयी केले. तो न ठरवलेला मोठा कोपरा दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. त्याचे मला नेहमी वाईट वाटते.

त्याच १९७६ च्या प्रचारात कार्टरनी आयोवाच्या शेतकऱ्यांना एक शब्द दिला होता: धान्याच्या निर्यातीवर बंदी घालण्याचे प्रकार मी कायमचे थांबवीन. या शब्दाला तिथे किती किंमत होती? १९७३ साली निक्सननी सोयाबीनची निर्यात अडवली. कारण सांगितले भाववाढ. जपानी गिऱ्हाइकाचे हाल झाले आणि जपानने ब्राझीलमध्ये सोयाबीन उभे करायला पैसा लावला. आज ब्राझील सोयाबीनमध्ये अमेरिकेच्या पुढे आहे, त्याच्या मुळाशी त्या काही आठवड्यांच्या बंदीचाही वाटा आहे. १९७५ साली फोर्डनी रशियाला जाणारी विक्री काही महिने थांबवली. दोनदा पोळलेला शेतकरी होता तो. त्यात भुईमूग पिकवणारा माणूस म्हणतो, आता बंदी नाही. विश्वास बसणार नाही तर काय होणार?

पण भुईमूगवाला अध्यक्ष झाला म्हणून भाव आला नाही. खते, डिझेल, व्याज चढत गेले आणि गव्हा-मक्याचे भाव पडले. १९७७ मध्ये कोलोरॅडोच्या कॅम्पो गावातून शेतकऱ्यांनी संप पुकारला, अमेरिकन ॲग्रिकल्चर मूव्हमेंट उभी राहिली. मागणी काय? पॅरिटी. म्हणजे १९१० ते १९१४ या काळात एका पोत्याच्या मोबदल्यात जेवढा माल घरात येत होता, तेवढाच आजही आला पाहिजे. आपल्याकडे म्हातारी माणसे म्हणत, क्विंटलभर कापसात तोळाभर सोने यायचे; तोच हिशेब त्यांनी कागदावर मांडला होता. १९७९ च्या फेब्रुवारीत ते ट्रॅक्टर घेऊन थेट वॉशिंग्टनला गेले. हजारो मैल, बैलगाडीपेक्षा थोड्या जास्त वेगाने. पोलिसांनी ट्रॅक्टर संसदेसमोरच्या मैदानात कोंडले, शहरवाल्यांनी शिव्या घातल्या. मग मोठे बर्फ पडले, शहर ठप्प झाले, आणि त्याच ट्रॅक्टरांनी अडकलेल्या गाड्या ओढून काढल्या, डॉक्टर-नर्सना दवाखान्यात पोचवले. शहरवाल्यांनी आभार मानले. पॅरिटी काही दिली नाही. आपल्याकडे चाकणचा कांदा रस्त्यावर आला तो याच्या पुढच्याच वर्षी. दोन्हीकडच्यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते.

आता तिकिटाची लढाई. १९७९ चा उन्हाळा. अमेरिकेत पेट्रोलला रांगा, महागाई दोन आकडी. कार्टरच्या पक्षातच एडवर्ड केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहणार असे दिसू लागले. केनेडी म्हणजे मारल्या गेलेल्या अध्यक्षाचा धाकटा भाऊ, बॉस्टनचे श्रीमंत घराणे. पक्षाच्या मतदारांत विचारणा केली तर केनेडींना कार्टरच्या दुप्पट पसंती. गावोगावचे पुढारी टोप्या फिरवायला लागले. वारा कुठला आहे हे ओळखण्यात पुढाऱ्याचे नाक तिकडेही आपल्यासारखेच तीक्ष्ण आहे.

मग आला ४ नोव्हेंबर १९७९. त्या दिवशी तेहरानमध्ये अमेरिकेचा दूतावास विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला, माणसे ओलीस धरली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी टीव्हीवर केनेडींची मुलाखत दाखवली गेली. पत्रकाराने साधा प्रश्न विचारला की तुम्हाला अध्यक्ष का व्हायचे आहे. केनेडी चाचरले. उत्तरच सापडेना. दुप्पट पसंतीचा माणूस, आणि कशासाठी उभा आहे हे त्याला सांगता येईना. ओलिसांच्या संकटामुळे लोक अध्यक्षाच्या मागे गोळा झाले. दोन महिन्यांत पारडे उलटले. कार्टरनी काही मोठे काम केले म्हणून ते उलटले असे नाही. मतदाराची निष्ठा अशी हलते. तिला धोरण लागत नाही, कधी कधी फक्त भीती पुरते.

डिसेंबरच्या अखेरीस रशियाने अफगाणिस्तानात फौजा घातल्या. ४ जानेवारी १९८० च्या रात्री कार्टर टीव्हीवर आले आणि त्यांनी जाहीर केले की रशियाला जायचे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले आहे. आधीच्या करारातले ८० लाख टन तेवढे जाईल. चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द एका भाषणात गेला. धान्याचे वायदेबाजार दोन दिवस बंद ठेवावे लागले. उघडले तेव्हा भाव नियमाने जेवढे पडू शकतात तेवढे पडले. आयोवाचे कॉकस होते २१ जानेवारीला. म्हणजे सतरा दिवस मधे. मक्याच्या राज्यात, मक्याची निर्यात अडवल्यानंतर सतराव्या दिवशी, अडवणाऱ्याच्या तिकिटाचे मतदान.

केनेडींनी बंदीला उघड विरोध केला. याने रशियापेक्षा आमच्या शेतकऱ्याला जास्त इजा होईल, असे ते सांगत फिरले. पलीकडच्या रिपब्लिकन पक्षात डेमॉइन शहरी उमेदवारांची वादसभा झाली, तिथे एकट्या जॉन अँडरसननी बंदीची बाजू घेतली. बाकीचे विरोधात. कार्टर स्वतः आयोवात फिरकलेच नाहीत. संकटाच्या काळात अध्यक्षाने राजधानी सोडू नये, असे कारण. त्यांच्या वतीने उपाध्यक्ष माँडेल गावोगाव फिरून बंदीचे समर्थन करीत होते. या माँडेलनीच बंद दाराआड बंदीला विरोध केला होता. आत एक आणि बाहेर एक, हा आजार कोणत्याही एका देशाचा नाही.

निकाल लागला. कार्टर ५९ टक्के, केनेडी ३१.

हा निकाल ऐकून आपल्यातले तडफदार कार्यकर्ते म्हणतील, शेतकऱ्यालाच अक्कल नाही. हे वाक्य मी आपल्याकडच्या प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकतो आणि मला ते मान्य नाही. कपाशीवर लाल्या आला की आपण काय करतो? कोणी म्हणतो मॅग्नेशियम कमी, कोणी नत्र, कोणी तुडतुडे, कोणी रात्रीची थंडी. खरे म्हणजे बहुतेक शेतात दोन-तीन कारणे एकत्र असतात आणि दुकानदाराची एक पुडी सगळ्यांवर चालत नाही. या ५९ टक्क्यांचेही तसेच आहे. एक तर आयोवात त्या काळीही सगळे मतदार शेतकरी नव्हते. डेमॉइनच्या विमा कंपन्यांचे कारकून होते, वॉटरलूच्या ट्रॅक्टर कारखान्याचे कामगार होते, शिक्षक होते. दुसरे, देशावर संकट आहे म्हटल्यावर शेतकऱ्याला मागे राहणे शरमेचे वाटते. जवान त्याच्याच घरातला असतो. तिसरे, सरकारने सांगितले की अडकलेले सौदे आम्ही उचलू, तारणकर्जाचा दर वाढवू, साठवणीचे पैसे देऊ. नुकसान भरून येणार असे लोकांना वाटले. चौथे, केनेडींच्या मागे १९६९ चा मोटार अपघात होता, त्यात एक तरुण बाई बुडून मेली होती, आणि आयोवाच्या चर्चला जाणाऱ्या घरांत ते विसरले गेले नव्हते.

आणि पाचवे माझ्या मते सगळ्यांत वजनाचे. केनेडींचा विरोध पटण्याजोगा होता, पण तो सतरा दिवसांचा होता. बंदी यायच्या आधी या माणसाने मक्याच्या भावावर कधी रान उठवले होते? शेतकऱ्याने विचार केला असेल, याला माझा मका नको आहे, कार्टरला मारायला दगड हवा आहे. तो दगड मका आहे एवढेच. तेव्हा आपला जुना माणूस बरा. ही अक्कल नसलेल्याची गोष्ट वाटत नाही मला. पर्याय म्हणून जे समोर आले ते पोकळ होते.

पण मोल द्यावे लागले. कॉकसनंतर सरकारला शेतकऱ्याची भीती राहिली नाही. बंदी उठली नाही. रशियाने अर्जेंटिनाकडून चढ्या भावाने धान्य घेतले, त्याची गुरे काही उपाशी मेली नाहीत. तिकिटाची लढाई पुढे चालत राहिली. मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये केनेडींनी कार्टरना ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी हरवले, तिथे कारण इस्रायलविरोधी मताचे होते. जूनमध्ये कॅलिफोर्नियाही घेतले. तोवर प्रतिनिधींची मोजणी कार्टरच्या बाजूने झालेली होती. ऑगस्टच्या अधिवेशनात केनेडींनी मागणी केली की प्रतिनिधींना मोकळे सोडा, ज्याला त्याला मन बदलू द्या. अधिवेशनाने ती फेटाळली. दुभंगलेला पक्ष घेऊन कार्टर नोव्हेंबरात गेले.

नोव्हेंबरात आयोवात रेगनना सुमारे ५१ टक्के, कार्टरना ३९. हिशेब नीट लावा. जानेवारीचे ५९ टक्के फक्त एका पक्षातल्या थोड्या लोकांचे होते, नोव्हेंबरचे सगळ्या राज्याचे. एकाची दुसऱ्यातून वजाबाकी करू नका. पण १९७६ मध्ये याच राज्यात कार्टर जेमतेम एका टक्क्याने हरले होते आणि १९८० मध्ये जवळजवळ तेराने हरले, हे तुलना करण्याजोगे आहे. रेगननी प्रचारात बंदी उठवू म्हटले होते आणि २४ एप्रिल १९८१ ला उठवलीही. वर आणखी गंमत. हे रेगन जानेवारीतल्या त्या वादसभेला आलेच नव्हते आणि आयोवाचे कॉकस थोरल्या बुशकडून हरले होते.

मग शेतकरी सुखी झाला? आयोवा स्टेट विद्यापीठाची दरवर्षी जमिनीच्या भावाची पाहणी असते. १९८१ साली सरासरी एकराला २,१४७ डॉलर. १९८६ साली ७८७ डॉलर. जमीन तीच, काळी, सकस. व्याजाचे दर वीस टक्क्यांवर गेले होते, निर्यात बसली होती, आणि जमीन तारण ठेवून ट्रॅक्टर घेतलेल्यांच्या घरांचे लिलाव झाले. गावच्या बँका बुडाल्या. माणसांनी जीव दिले. विदर्भात बसून याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. बंदी उठवणारा अध्यक्ष आला म्हणून व्याजातून सुटका झाली नाही. एका प्रश्नावर बरोबर असलेला माणूस दुसऱ्या प्रश्नावर तुमचा गळा कापू शकतो, आणि दोन्ही वेळी तो हसतमुख असतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी शहाणपणाची केली, आणि ती वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. १९७७ च्या तिथल्या शेती कायद्यात एक कलम होते: टंचाईचे कारण सांगून सरकारने निर्यात थांबवली तर त्या पिकाच्या तारणकर्जाचा दर पॅरिटीच्या ९० टक्क्यांपर्यंत चढवावा लागेल. कार्टरनी बंदी घालताना कारण टंचाई नाही, परराष्ट्र धोरण सांगितले. कलम लागू झाले नाही. शेतकरी संघटनांनी ही पळवाट लक्षात ठेवली, आणि १९८१ च्या कायद्यात कलम कडक करून घेतले. एकट्या शेतीमालावर बंदी घातली तर शंभर टक्के पॅरिटीच्या हिशेबाने भरपाई. अध्यक्षाने बंदी घालू नये असे त्यात म्हटलेले नाही. घातली तर बिल कोणाच्या नावावर फाटेल तेवढे लिहिले. मला हे कलम कार्टरच्या शब्दापेक्षा आणि रेगनच्या शब्दापेक्षाही जास्त आवडते.

मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्यांनीही हेच केले. अमेरिकेतल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग आता इथेनॉलच्या कारखान्यात जातो. पेट्रोलमध्ये ते मिसळलेच पाहिजे, असा कायदा २००५ मध्ये झाला आणि २००७ मध्ये वाढला. दर निवडणुकीत दोन्ही पक्षांच्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न: या कायद्याच्या बाजूने की विरोधात? २०१६ साली टेक्ससचे टेड क्रूझ विरोधात बोलले. तेलाचे राज्य ते. आयोवाचे राज्यपाल ब्रॅनस्टॅड स्वतःच्याच पक्षाच्या या माणसाला पाडा म्हणाले. १ फेब्रुवारीला क्रूझ जिंकले, क्रूझ २७.६ टक्के, ट्रम्प २४.३, रुबिओ २३.१. धर्माच्या नावावर मते एकवटली, मका मागे राहिला. दिल्ली-मुंबईच्या पंडितांना असे काही दिसले की ते लगेच लिहितात, शेतकऱ्याची मतपेढी वगैरे काही नसते. त्यांना एवढेच दिसते. पण कायदा जागेवर राहिला. ती मतपेढी एका रात्री फुटली तरी आधीच्या दहा वर्षांत जे लिहून घेतले होते ते फुटले नाही. पुढे २०१८-१९ मध्ये ट्रम्प सरकारने छोट्या तेलशुद्धी कारखान्यांना त्यातून सूट दिली, तेव्हा आयोवाचे शेतकरी पुन्हा ओरडले. कुंपण घातले तरी राखण लागतेच.

ज्वारीवाल्यांसाठीही एक सांगतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेशी चाललेल्या आयात कराच्या भांडणात चीनने अमेरिकन ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली. ज्वारी भरून निघालेली जहाजे भर समुद्रात वळवावी लागली. महिन्याभराने चीनने ती मागे घेतली, पण कॅन्ससच्या शेतकऱ्याचा भाव पडायचा तो पडला. भांडण दुसऱ्याच मालावरून सुरू झालेले, मार बसला ज्वारीला. सरकारने नंतर भरपाईचे चेक वाटले आणि कॅन्ससने २०२० मध्ये पुन्हा ट्रम्पनाच मत दिले. १९८० ची जानेवारी आठवते की नाही?

आता आपल्याकडे येतो. आपण त्या लोकांना हसू नये. आपल्या ज्येष्ठांनी ज्वारीची लेव्ही पाहिली आहे, जिल्हाबंदी पाहिली आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात मध्य प्रदेशात चांगला भाव आणि आपल्या गाड्या सीमेवर अडवलेल्या, हेही पाहिले आहे. ५ मार्च २०१२ ला केंद्राने कापसाची निर्यात बंद केली. ओरड झाली म्हणून आठवड्याभरात माघार घेतली. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड गिरण्या अडचणीत आल्या, आणि केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबर अखेरपर्यंत वाढवले. नेमका आपला कापूस बाजारात यायचा काळ. तो निर्णय झाला त्या आठवड्यात, आज ज्या दोन इच्छुकांसाठी आपण बोलणे टाकले आहे त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडले होते का? मी कात्रणे चाळली आहेत. एकाचा वाढदिवसाचा फलक छापून आला आहे. दुसऱ्याने दहीहंडीला पाच थर लावले.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आज इथे नाव ठरवू नये. गावोगाव बैठक घ्यावी आणि आयोवासारखी उभी मोजणी करावी. प्रत्येक इच्छुकाचा एक कोपरा, आणि 'अजून ठरले नाही' असा एक कोपरा, तो सगळ्यांत मोकळ्या जागी. तिथे उभे राहायला कोणाला लाज वाटू नये म्हणून आधी गावच्या ज्येष्ठांनी तिथे जावे. शेकडा पंधरा ज्याला नाहीत त्याच्या लोकांनी दुसरा कोपरा धरावा, पण का धरला ते चार वाक्यांत सर्वांसमोर सांगावे. 'आमचा माणूस आहे' हे वाक्य चालणार नाही, जातीचे नाव चालणार नाही.

इच्छुकांकडून कागदावर उत्तर घ्यायचे ते निर्यातबंदी आणि आयात कराबद्दल. सरकारने हंगामात हात घातला तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करायचे कलम मागणार का, आणि कोणत्या सभागृहात, कोणत्या अधिवेशनात. 'शेतकऱ्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे' एवढेच लिहून दिले तर तो कागद परत करायचा. आमदारकीच्या माणसाला केंद्राचे विषय काय विचारता, असे ते म्हणतील. मग त्याच्या पक्षाच्या खासदाराची सही आणायला सांगा.

आयोवाच्या पद्धतीत एक खोट होती, ती आपण घेऊ नये. सात वाजता जो हजर नाही त्याचे मत नाही. रात्रपाळीची नर्स, तान्ह्या पोराची आई, हॉटेलात भांडी घासणारा, हे सगळे बाहेर राहत. आपल्याकडे वेचणीचे दिवस आहेत. बाया सकाळी सातला शेतात जातात, सांजेला येऊन चूल पेटवतात. सात वाजता बैठक ठेवली तर पुरुषच पुरुष येतील आणि कापूस ज्यांच्या बोटांतून निघतो त्या घरी राहतील. म्हणून बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवा, त्या दिवशी वेचणी बंद असते. शाळेची पडवी मागून घ्या. मोजणीला दहावीतल्या दोन मुली बसवा, कोपऱ्यांची नावे आणि डोकी खडूने फळ्यावर लिहा, फळ्याचा फोटो तालुक्याला पाठवा. ज्या गावच्या मोजणीत बायकांची संख्या वेगळी लिहिलेली नसेल, त्या गावचा कागद जिल्हा समिती परत करील. पहिली गावे पुढच्या आठवड्याच्या बाजाराला घेता येतील. कोणती ते दोन्ही तालुक्यांच्या अध्यक्षांनी इथेच, एकमेकांशेजारी बसून, लिहून द्यावे.